काचेआडचं पान

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या शाळा समितीचे सर्वेसर्वा आबाजीशेठ गिरणीवाले, खालापुराहून या उन्हात मुद्दाम आलेले माजी मामलेदारसाहेब, माझ्या गुणांची मलाच माहीत नसलेली यादी आत्ताच वाचून खाली बसलेले वकीलसाहेब, माझे सहकारी शिक्षक, पालकवर्ग, बंधुभगिनींनो, आणि आत जागा नाही म्हणून खिडक्यांच्या गजांना लटकलेल्या माझ्या विद्यार्थ्यांनो,

सत्काराला उत्तर देताना माणसाने गहिवरून यावं अशी रीत आहे. मी प्रयत्न केला, पण मला काही केल्या गहिवर येईना. या शाळेत तीस वर्षं इंग्रजी शिकवून आज मी सुटतो आहे आणि उद्या सकाळी पेणला लेकीकडे जाणार आहे. तेव्हा आज जे बोलेन ते ऐकून घ्या. उद्यापासून तुम्हाला माझा त्रास नाही.

वकीलसाहेबांनी आपल्या भाषणात मला ‘पर्स्पिकेशस’ म्हटलं. तुम्ही सर्वांनी माना डोलावल्या. मामलेदारसाहेबांनी तर दोनदा डोलावली. मी तीस वर्षं इंग्रजीचा मास्तर, पण हा शब्द मला ठाऊक नाही. म्हणून वकीलसाहेब खाली बसल्यावर मी त्यांना हळूच विचारलं, “अर्थ काय हो?” ते म्हणाले, “चांगलाच आहे, गुरुजी.” वकीलसाहेब, घाम पुसा, मी पुढे काही विचारत नाही. पण मंडळी, ज्या शब्दाचा अर्थ बोलणाऱ्याला, ऐकणाऱ्याला आणि ज्याला उद्देशून तो बोलला गेला त्याला, अशा तिघांनाही ठाऊक नाही, त्यावर टाळ्या पडतात, ही आपल्या तालुक्याची इंग्रजी विद्या!

न कळलेला शब्द आला की आपण काय करतो? मान डोलावतो. विचारलं तर पत जाते ना! मी मात्र पहिल्या दिवसापासून निर्लज्ज. वर्गात धडा वाचताना अडलो की मुलांदेखत डिक्शनरी उघडायचो. आधी वाक्य पुन्हा वाचायचं, अंदाज करायचा, मग शब्द काढायचा, अर्थ वाचायचा आणि परत त्याच वाक्यापाशी यायचं. नवा शब्द त्याच दिवशी तोंडात खेळवला नाही तर तो पाहुण्यासारखा निघून जातो. यापलीकडे मला कुठलीही युक्ती येत नाही. आली असती तर तीही शिकवली असती.

याचं फळ काय मिळालं? पालकांची तक्रार. भिवाजी पाटील आज पुढच्याच रांगेत आहेत, ते नाकारणार नाहीत. समितीपुढे उभे राहून म्हणाले, “आमी फी भरतो ती मास्तरला येतं म्हणून. ह्यो तर आमच्या पोराबरूबर बसून पुस्तकात बघतो. ह्याला येत नाय!” भिवाजीराव, हसू नका. समितीला ते पटलं. मला समज मिळाली की, मास्तरांनी वर्गात अडू नये.

आणि मग त्या डिक्शनरीचं भाग्य उजळलं. घाटाच्या कामावरचा एक गोरा इंजिनियर विलायतेला परतताना ती शाळेला देऊन गेला होता. चांगली पाटाएवढी मोठी, कातडी बांधणीची. आबाजीशेठनी स्वखर्चाने तिला सागवानी कपाट केलं, पुढे काच बसवली आणि कुलूप घातलं. पाहुण्यांना दिसावी म्हणून ती मधोमध उघडी ठेवतात. दर दसऱ्याला बाहेर काढतात, हळदकुंकू वाहतात, झेंडू घालतात, कुठल्याशा पानावर पुन्हा उघडतात आणि वर्षभरासाठी कुलूप! मी किल्ली मागायला गेलो तेव्हा आबाजीशेठ म्हणाले होते, “गुरुजी, सरस्वती आहे ती. सरस्वतीला काय शाईचे हात लावायचे?”

माझी स्वतःची एक छोटी डिक्शनरी घरी होती. बेचाळीसच्या झडतीत फौजदार ती घेऊन गेला. एवढ्या बारीक अक्षरात काहीतरी कट असणारच, असा त्याला संशय आला. परत काही मिळाली नाही. पण त्या फौजदाराला मी एक मार्क देतो. त्याने ती निदान उघडून पाहिली.

आता ज्याच्यासाठी मी हे सगळं बोलतो आहे, त्याच्याकडे येतो. मागे दाराशी उभा आहे तो हिरामण. दहिवलीचा, शेतकऱ्याच्या घरचा, दोन लेकरांचा बाप. भिवपुरीच्या वीजघरात कालव्याचा गाळ उपसतो. आतल्या यंत्रांवर मदतनीस म्हणून घेतात, पण त्यासाठी साहेबापुढे इंग्रजीत तोंडी परीक्षा द्यावी लागते. म्हणून चार वर्षं तो पाळी संपली की माझ्याकडे येतो. मी येण्याआधी आला, तर या कपाटापुढे उभा राहून काचेतून दिसतं ते पान वाचतो. पहिल्या वर्षी तो मला म्हणाला, “गुर्जी, पान उलटा की जरा. ह्ये पाठ झालं.” मी म्हटलं, “बाबा, पान आता दसऱ्याला उलटणार.”

तर ही हिरामणची शब्दसंपत्ती ऐका. एका वर्षी ‘हार्लेक्विन, हार्पून, हार्प्सिकॉर्ड’. दुसऱ्या वर्षी ‘पॅगोडा’ आणि ‘पॅजंट’. तिसऱ्या वर्षी ‘क्वॅगमायर, क्वेल, क्वेकर’. हार्पून म्हणजे देवमासा मारायचा भाला. उल्हास नदीत देवमासा आला तर तालुक्यात एकटा हिरामण कामाचा! दसऱ्यामागे एक उघडं पान, या चालीने सगळं पुस्तक वाचायला त्याला सात-आठशे दसरे लागतील. समितीने तेवढं आयुष्य त्याला मंजूर करावं, अशी माझी विनंती आहे.

हसलात? आता पुढचं ऐका. गेल्या वर्षी मे महिन्यात शाळेला सुट्टी होती, मी पेणला होतो. वीजघरात एक पाटी लागली होती. त्यावरचा एक शब्द हिरामणला अडला. त्याने तो कोळशाने तळहातावर लिहून घेतला आणि भिवपुरीहून भर उन्हात चालत इथे आला. आपला शिपाई नवशा याने खोली उघडून दिली. कपाट कोण उघडणार? आत पान ‘क्वेल’चं. तो तसाच गिरणीवर गेला आणि तळहात पुढे करून किल्ली मागितली. आबाजीशेठ, तुम्ही काय म्हणालात ते तुम्हाला आठवत नसेल. त्याला आठवतं. तुम्ही म्हणालात, “दसऱ्याला ये रे, पूजेला.”

आठवड्याने परीक्षा झाली. साहेबाने विचारलं, तारेला हात लावण्याआधी कोणतं ‘प्रिकॉशन’ घेशील? तळहातावरचा शब्द तोच होता. काळजी काय घ्यायची हे हिरामणला तोंडपाठ होतं. काळजीला साहेबाच्या भाषेत काय म्हणतात, एवढंच ठाऊक नव्हतं. साहेबाने नापास केलं. मी परत आलो तेव्हा मला एवढंच म्हणाला, “गुर्जी, शबूद आतच व्हता. काचंच्या आत. माज्यापासून हातभर.”

मंडळी, त्या दिवसाचा राग माझ्या पोटात अजून आहे. या महिन्याच्या अखेरीला त्याची परीक्षा पुन्हा आहे, आणि त्यांच्या नियमाने ही शेवटची. यंदा नापास झाला तर जन्मभर गाळ. आणि उद्यापासून तर मीही इथे नाही. इंग्रजाला जाऊन वर्ष होत आलं. जाण्याआधी त्याने आपले पुढारी तुरुंगातून सोडले. आपण मात्र त्याचं पुस्तक अजून सोडलेलं नाही.

समारंभाच्या सुरुवातीला अध्यक्षमहाराज मोठ्या मनाने म्हणाले, “गुरुजी, आज काय हवं ते मागा.” अशा वेळी पाहुण्याने ‘आपलं प्रेम पुरे’ म्हणायचं असतं. मला आपलं प्रेम नको, आबाजीशेठ. मला त्या कपाटाची किल्ली हवी. ती आपल्या करगोट्याला आहे, हे सगळ्या कर्जतला ठाऊक आहे. नाही, उद्या नको. उद्याची गाडी सकाळची आहे. ही शाल आणि हा नारळ मी इथे टेबलावर ठेवतो. किल्ली आल्याशिवाय उचलणार नाही.

भगिनीवर्गाने क्षणभर खिडकीबाहेर पाहावं, अध्यक्षमहाराजांना जरा अडचण आहे.

…वकीलसाहेब, त्यांना मदत करा, गाठ घट्ट बसली आहे.

मिळाली. आभारी आहे, शेठजी. उपरोधाने नाही म्हणत, खरंच आभारी आहे. नवशा, कुलूप काढ. ते झेंडूचे हार बाजूला कर आणि पुस्तक इकडे या टेबलावर आण. जपून, जड आहे. पाहा मंडळी, कुंकवाने पानं कशी चिकटली आहेत! हिरामण, ये पुढे. अरे, ये, वाट द्या त्याला. काय म्हणतोस? हात मळलेले आहेत? असू देत रे बाबा. मळायलाच आहे ते पुस्तक.

हं, पान तू उलट. ‘पी’ काढ. त्यातलं ‘पी-आर-ई’. सापडेल, घाई नको. सगळा हॉल थांबलाय तुझ्यासाठी, थांबू दे त्याला. बोट ठेवलंस? वाच आता. मोठ्याने वाच.

ऐकलंत ना सगळ्यांनी? तो उतरून घे, आणि जागेवर जाण्याआधी वकीलसाहेबांचा तेवढा शब्दही बघ. आम्हा दोघांनाही हवा आहे.

मंडळी, मी आटोपतो. हे पुस्तक आजपासून टेबलावर राहील, आणि किल्ली मी पेणला घेऊन चाललो आहे, म्हणजे पुन्हा कुलूप लावायचा कुणाला मोह नको. हार गुंफणाऱ्या चंद्राबाईंचे, सतरंज्या घालणाऱ्या नवशाचे आणि इतका वेळ शिव्या खाऊन बसून राहिलेल्या आपणा सर्वांचे मनापासून आभार. रागाच्या भरात कुणाचं मन दुखावलं असेल तर लहान-मोठ्या सर्वांची क्षमा मागतो. माझ्या बोलण्यातला एखादा शब्द कुणाला कळला नसेल, तर त्याबद्दल मात्र क्षमा मागणार नाही. हिरामणचं झालं की रांगेत उभे राहा.