रामदीनचा डोळा

मॅनेजरनं गोष्टी सांगाव्या म्हणता ना? मग माझी ऐका.

अधारतालच्या आमच्या ग्रिलच्या कारखान्यात वेल्डिंग करताना कोणी चष्मा लावतच नव्हतं. बोर्ड लावले, ओरडलो, काही फरक नाही. मालक म्हणाले, "काहून ओरडून राहिले? गोष्ट सांगून पाहा."

सकाळच्या मीटिंगमध्ये मी गोष्टीत जवळच्या पनागरचा एक रामदीन वेल्डर उभा केला. चष्मा नव्हता, ठिणगी उडाली, आता डोळ्यावर पट्टी आहे आणि बायको घास भरवून राहिली. दुसऱ्या दिवशी प्रत्येकाच्या डोळ्यावर चष्मा! मी असा फुगलो!

चहाच्या सुट्टीत आमचे सगळ्यांत जुने वेल्डर दुबेजी केळी घेऊन हजर. "साहब, छुट्टी के बाद हम सब रामदीन को देखने जा रहे हैं. घर किस तरफ है?"

मी चहाचा कप खाली ठेवला. म्हटलं, "दुबेजी, असा कोणी नाही. मीच रचला त्याला."

वाटलं, झालं, आता चष्मे उतरणार. दुबेजींनी केळी माझ्या टेबलावर ठेवली. "चश्मा तो हम लगाएँगे, साहब. पर उसकी आँख ठीक कर दो."

मग काय! दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये गोष्टीतल्या रामदीनची पट्टी काढली, आणि त्याचीच केळी सगळ्यांना वाटली.