सात नंबरचं वळण

आदरणीय अध्यक्ष महोदया, व्यासपीठावर विराजमान असलेले मेट्रोचे पाहुणे, आजचे सत्कारमूर्ती नकाशेकाका, सौभाग्यवती काकू आणि माझ्या चालक-वाहक बंधुभगिनींनो,

मी सात नंबरच्या बसचा चालक. मला बोलायला 'दोनच मिनिटं' दिली आहेत. आमच्या खात्यात दोन मिनिटं म्हणजे किती, हे थांब्यावर उभं राहिलेल्यांना वेगळं सांगायला नको.

आज निवृत्त होणाऱ्या काकांनी जन्मभर शहराचे बसमार्ग नकाशावर आखले. सगळे सरळ. मग एकटी सात नंबरच मध्ये घोड्याच्या नालासारखी का वळते? परवा डेपोत काका म्हणाले, "आता सुटलोच आहे, तर सांगून टाकतो."

तेव्हाच्या साहेबांनी पेन्सिलीच्या नकाशावर चहाचा कप ठेवला होता. उचलला, तर खाली डागाचं अर्धं वर्तुळ. काकांना वाटलं, साहेबांची खूण! आणि साहेबांना विचारणार कोण? काकांनी इमानेइतबारे त्यावरून शाई फिरवली. बस ओसाड माळावरच्या कच्च्या रस्त्याने जाऊ लागली. चालक तक्रार घेऊन आला, तेव्हा साहेब नकाशाकडे बघून म्हणाले, "याला दूरदृष्टी म्हणतात."

आणि मंडळी, बस येते म्हटल्यावर माणसं राहायला आली की! घरं झाली, शाळा झाली, दवाखाना झाला. माझ्या सासूबाईही तिथल्याच.

आता मेट्रो येतेय. आनंदच आहे. पण तिचं स्टेशन वळणापासून चांगलंच लांब, आणि सोमवारपासून सात नंबर सरळ धावणार. वेळ वाचेल, मान्य. पण दवाखान्याच्या थांब्यावर उतरणाऱ्या एक आजी काल मला म्हणाल्या, "अरे बाबा, मेट्रोपर्यंत चालता आलं असतं, तर दवाखान्यात कशाला आले असते?" मी त्यांना हात धरून खाली उतरवलं. फार वाईट वाटलं.

शिवाय सासूबाई. त्या दर रविवारी आमच्याकडे येतात, शेवटच्या बसने परत जातात. बस बंद झाली तर त्यांचं येणं बंद होणार नाही हो, जाणं बंद होईल!

नवा नकाशा अध्यक्ष महोदयांपुढे सहीसाठी ठेवला आहे. मघाशी त्यांचा चहा मीच नेऊन दिला. गडबडीत कप नकाशावरच ठेवला गेला. जागा बरोबर आहे, काकांनी पाहून घेतली आहे.

काका, तब्येतीला जपा. आपण सर्वांनी ऐकून घेतलंत, आभारी आहे. काही उणंअधिक बोललो असेन तर पोटात घाला. आणि मॅडम, चहा गार होतोय, घ्या. डाग तेवढा पुसू नका.