माझ्या खुर्चीवर बसलेला कीबोर्ड

सन्माननीय अध्यक्ष किशनराव, व्यासपीठावरील मान्यवर, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते कुरुंद्याच्या गायन पार्टीचे वादक रत्नपालदादा, पुढच्या रांगेतल्या त्यांच्या सहचारिणी जनकावहिनी आणि शिरड शहापूरकर बंधुभगिनींनो, सर्वांना जय भीम.

आरंभीच एक तक्रार नोंदवतो. या व्यासपीठावर माझ्या नावाची खुर्ची होती. तिच्यावर सध्या एक कीबोर्ड बसला आहे, तोही शाल पांघरून. वर संयोजक कानात सांगून गेले, "सर, जरा लांबवा." मला लांबवा म्हणणारा माणूस आजवर भेटला नव्हता.

असं का झालं म्हणता? माझ्यामुळं.

आज सकाळी धुक्यातून आम्ही कुरुंद्याहून टेम्पोनं आलो. केबिनमध्ये गायिका, मागं उघड्यावर दादा, मी आणि हा कीबोर्ड. त्याच्या अंगावर वहिनींनी खास शिवलेली वाकळ. माणसानं कुडकुडावं आणि वाद्यानं पांघरावं, हा मला अन्याय वाटला. "दादा, याला काय सर्दी होती का?" म्हणत मी वाकळ ओढली आणि निवांत झोपलो. भाषणाला आलेल्या पाहुण्याला दादा काय बोलणार? त्यांनी गळ्यातला मफलर सोडून झाकता येईल तेवढं झाकलं. उतरलो तेव्हा मी गरम होतो आणि पट्ट्यांवर पाणी होतं.

इथं आल्यावर पुन्हा मीच म्हणालो, "काहून थांबून राहिलात? बटण दाबा की."

"न्हाई सर. आतली ओल सुकू द्या. आत्ता करंट दिला तर लेकरू परत बोलायचं न्हाई."

वहिनी एवढंच म्हणाल्या, "वाकळ तुमच्या मापाची नव्हती, सर. पाय उघडे राहिले असतील."

हसा. हसण्यासारखंच आहे. पण उद्या दादा कीबोर्ड त्यांच्या शिष्येच्या, संध्याच्या हाती देऊन लेकीकडं पुण्याला चाललेत. आपल्या माणसांपुढं आज शेवटचं वाजवायचं होतं, आणि ते वाजेल की नाही हे त्यांनाही ठाऊक नाही. त्यांच्या सत्काराची शाल कीबोर्डवर, मफलर ओला, गळा उघडा. माझ्या खांद्यावर मात्र पाहुण्याची शाल आहे. मघापासून मी त्यांच्याकडं न बघता बोलतोय, तुमच्या लक्षात आलं असेल.

दादांनी आत्ता कीबोर्डवर हात ठेवून पाहिला आणि संध्याकडं बघून मान हलवली. म्हणजे माझं काम संपलं. ऐकून घेतलंत, आभारी आहे. बोलण्यात कमीजास्त झालं असेल ते पोटात घाला. वागण्यात झालं, ते मात्र घालू नका.

संध्या, थांब जरा. दादा, मान खाली करा. या माझ्या शालीची गाठ मारतो, वाजवताना सरकायला नको.

हं. दाब आता.