अश्विनीची मुलाखत

तुम्ही मला चांगला मास्तर म्हणता ना, मग अश्विनीचं ऐका.

गुंजवण्याची पोरगी, आमच्याकडे भोरला अकरावीत होती. एकदा मोबाईल दाखवत म्हणाली, "सर, ही ए.पी. परीक्षा. बारावी व्हायच्या आतच पदवीच्या पातळीचे पेपर द्यायचे. अवॉर्ड मिळाला की मोठ्या विद्यापीठात त्याचं वजन पडतं म्हणे. बसू का?"

मी वह्या तपासत होतो. मान वर न करता म्हणालो, "ती पुण्यातल्या पोरांची थेरं. तू बोर्डाचं बघ."

"व्हय सर," म्हणाली आणि गेली.

पुढच्या वर्षी तिनं तसल्याच एका विद्यापीठात अर्ज केला. मुलाखत मोबाईलवर. तिच्या गावात रेंज नाही, म्हणून आमच्या प्रयोगशाळेत बसवली. मोबाईल कशालाच नीट टेकेना, तेव्हा मीच तो तिच्यासमोर धरून उभा राहिलो. पोरगी झकास बोलत होती. मग पलीकडच्या बाईंनी विचारलं, "बाकीच्या मुलांकडे ए.पी.चे अवॉर्ड आहेत. तुम्ही तर परीक्षाच दिली नाही. माहीत नव्हती का?"

अश्विनीनं मोबाईलवरची नजर उचलून माझ्याकडे पाहिलं. क्षणभरच.

"माहीत होती मॅडम. माझीच हिंमत झाली नाही."

यादीत तिचं नाव आलं नाही, ते नंतर. पण त्या दिवशी मुलाखत संपल्यावर तिनं माझ्या हातातून मोबाईल घेतला. मला वाटलं, आता बोलेल. बोललीसुद्धा.

"लई वेळ उभं राहिलात सर. हात दुखला असंल तुमचा."