सुभेदारांनी घडवलेले साहेब

नाही आप्पा, हे तुम्ही मला कधीच सांगितलं नाहीत. चोवीस वर्षं मी तुमच्या पोटचा पोरगा, आन् ही गोष्ट आज मला दुसऱ्याच्या तोंडून कळावी?

मंडळी, माफ करा. फोटोकडं बघून बोलायलाच लागलो. तुम्ही आप्पांच्या शोकसभेला गावागावातनं आलात, आणि मला इथं उभं राहणं जड जातंय. सरपंच म्हणाले, "बाळा, बापाबद्दल दोन चांगले शब्द बोल." बोलतो. पण कर्नलसाहेब आत्ता जे सांगून खाली बसले, ते आधी मला गिळू द्या.

साहेब तेव्हा नवे लेफ्टनंट. मिसरूड नुकतं फुटलेलं. तीस जवान घेऊन डोंगरात निघाले आणि चुकीच्या नाल्यात शिरले. आप्पा त्यांचे सुभेदार. आप्पांना पहिल्या वळणालाच कळलं होतं. बोलले का? नाही. तासभर मुकाट चालले. मग थांबल्यावर साहेबांना बाजूला घेऊन म्हणाले, "साहेब, मी अडाणी माणूस. नकाशा जरा मला समजावून सांगा." समजावता समजावता साहेबांचं बोट आपल्याच चुकीवर येऊन थांबलं. आणि जवानांना आप्पांनी काय सांगितलं? "साहेबांनी ही बाजू पाहून घेतली. आता वर जायचं."

असे पाच-सात साहेब आप्पांनी घडवले म्हणे. खरं असणार. साहेब, मला तुमचा हेवा वाटतो.

आता माझं ऐका. शिरूरचं मार्केट यार्ड. आप्पा पेन्शनीत आलेले, मी सतरा वर्षांचा. कांद्याची ट्रॉली मागं घेताना चाक गटारीत गेलं, चार गोण्या फाटल्या. तेव्हा हेच आप्पा सगळ्या यार्डासमोर ओरडले, "दहावीला दोनदा बसला, आन् ट्रॅक्टर बी मागं घेता यीना? तुझ्याच्यानं काय बी व्हणार न्हाई!"

हमाल हसले. आडते हसले. तुमच्यातलेही काहीजण हसले होते, मंडळी. मी तोंडं ओळखतो. त्याच आठवड्यात दौंडला जाऊन गाडीत बसलो. सात वर्षं झाली, लुधियान्यात ट्रक चालवतोय.

मघाशी साहेब बोलत होते, तेव्हा मी आईच्या कानात विचारलं, "त्यांना बाजूला घेतलं, मग मला यार्डात का?"

आई म्हणाली, "साहेब परका व्हता, बाबा. तू घरचा."

घरच्याला लागत नाही का गं आई?

व्हय मामा, ऐकलं मी. "आपल्या पोराला बोलायचं न्हाई, तर कुणाला?" बोला की. पण चार माणसांत नको. मी सात वर्षं घरी आलो नाही, मामा. आलो तो खांदा द्यायलाच आलो, तोही उशिरा पोचलो.

वेशीवर आप्पांच्या नावाची कमान उभारायचं ठरलंय. 'साहेब घडवणारे सुभेदार' असं लिहिणार आहात. लिहा. खोटं नाही ते. माझ्या बापानं माणसं घडवली, हे मी कुठंही सांगीन. मला घडवलं, एवढं मात्र माझ्याकडनं वदवून घेऊ नका.

आता दोन मिनिटं उभे राहू या. मीही राहतो. आप्पा समोर असताना आमच्या घरात कुणी बसत नव्हतं.

आणि सरपंच, कमानीच्या वर्गणीच्या यादीत माझं नाव घाला. गेल्यावर पहिल्या फेरीचा पगार हातात आला की मनीऑर्डर करतो. पाचशे एक रुपये.