दादाच्या उंचीची नळी

वहिनी: पुन्हा तेलच भरून देणार असाल तर राहू द्या, भावजी. दोनदा भरलंत. मोटरसायकलच्या ब्रेकचा लिव्हर अजून हँडलला टेकतोय.

भावजी: तेलाचा दोष नाही, वहिनी. तेल दाबलं तरी आक्रसत नाही. ही रबरी नळी म्हातारी झालीय. तुमचा जोर चाकापर्यंत पोचायच्या आधी हीच फुगते. बोट ठेवा इथे, मी दाबतो.

वहिनी: हलतेय की. श्वास घेतल्यासारखी.

भावजी: म्हणून ही दुसरी आणलीय. आत टेफ्लॉनची नळी, वरून स्टीलच्या तारांची वीण. तारा तिला फुगू देत नाहीत. दाबाल तेवढं थेट चाकाला लागतं.

वहिनी: मग बसवा. आणि ह्यांचं ते उंच हँडल काढून साधं टाका. चार वर्षं खांदे वर करून चालवतेय. वर्गातली मुलं मला घार म्हणतात.

भावजी: हँडल बदलतो. नळी मात्र दादाच्या हँडलाच्या मापानंच कापणार.

वहिनी: आणि जास्तीची लांबी?

भावजी: गुंडाळून बांधू.

वहिनी: घासणार नाही कुठे?

भावजी: घासेल. ही वीण म्हणजे कानसच. टाकीचा रंग जाईल, शेजारची वायरही कापेल.

वहिनी: मग आखूडच कापा ना.

भावजी: एकदा टोकं दाबून बसवली की वाढवता येत नाही. उद्या दादा आला, त्यानं आपलं हँडल चढवलं, तर पुरायची नाही.

वहिनी: त्यांचा शेवटचा फोन येऊन तीन वर्षं झाली.

भावजी: जहाजावरची माणसं उशिरानंही परततात.

वहिनी: मी कुठे नाही म्हणतेय? त्यांचा नंबर दुसऱ्या कुणाला जाऊ नये म्हणून अजून दर महिन्याला रिचार्ज करते. घरात कुणाला सांगितलेलं नाही. पण रोज सकाळी मला तो उतार उतरायचा असतो. काल खाली मुलांची रांग रस्ता ओलांडत होती. गाडी पायांनी थांबवली. चपलेचा तळ बघा.

(भावजी पाना उचलतो. उंच हँडल जमिनीवर ठेवलं जातं, साधं चढतं.)

भावजी: बसा. पूर्ण डावीकडे वळवा. आता उजवीकडे. दोन्हीकडे ढिली राहिली पाहिजे. कापायला इथे खूण करू?

वहिनी: करा.

भावजी: दादानं येऊन विचारलं, माझ्या मापाची का नाही ठेवली, तर?

वहिनी: विचारू देत. त्यांच्या मापाची दुसरी करायला घ्याल तेव्हा टेप मी धरीन.