आग्नेयेचं दार

— आग्नेयच आहे. त्या होकायंत्राला कशाला त्रास देताय, रुचिर? फ्लॅट घ्यायच्या आधी आईंना नाशिकला फोन लावताय — लावा की. फक्त सांगा, सिंगापुरात, सेरंगूनच्या बाराव्या मजल्यावरचं दार काही फिरवता येत नाही.

चहा? नको? बरं. फोटोतली ती माझी बायको, संजीवनी. गेली फेब्रुवारीत. असू दे हो, मला काही होत नाही. रडूही येत नाही, खरं सांगतो. मागे दिसतंय ते स्कॉटलंडचं बेट — आरन. दोन वर्षं झाली. मला वाटलं, किल्लाबिल्ला असेल — कसलं काय! नुसतं माळरान, चिखल, नि गवतात दगडांचं एक गोल कडं. घर होतं म्हणे ते, तीन हजार वर्षांपूर्वीचं. शेजारी दगडांचे ढीग — शेत करायचं म्हणून वेचून वेचून बाजूला टाकलेले, आपल्याकडे बांधावर टाकतात तसेच. मी आपला बूट पुसत उभा. ही त्या कड्यात फट होती तिथे जाऊन उभी राहिली, दाराच्या जागी, पर्समधून होकायंत्र काढलं — हो, आमच्याकडेही होतं — आणि ओरडली, "अहो, आग्नेय!" पुढचं घर बघितलं, तेही आग्नेय. त्याच्या पुढचं, तेही. सकाळचं ऊन आत यावं म्हणून असेल, म्हणाली. हसत होती नुसती. "किती पोरंबाळं वाढली असतील हो इथे! विनीतावन्संना सांगाल ना एवढं?"

विनीता माझी बहीण. आम्हाला मूल नाही, ते या दारामुळे, असं तिचं म्हणणं. आणि फ्लॅट पसंत केलेला संजीवनीनं, म्हणजे बोल कुणाला? हिलाच. पंधरा वर्षं. सांगतो म्हणालो मी. नाही सांगितलं. कशाला उगाच वाद — काय?

ते दारावरचं तांब्याचं पिरॅमिड होय? दिशेचा दोष जावा म्हणून वास्तुवाल्यानं लावलंय. होकायंत्रही त्याचंच. विनीतानं नाही हो बोलावला त्याला, मी बोलावला. हिला सांगितलं, वन्संचा आग्रह आहे. दर गुरुवारी चिंचेनं घासायची ती ते, लख्ख. बेटावरून आल्यावरसुद्धा. आणि माझ्या ऑफिसच्या खणात डॉक्टरांचा रिपोर्ट — दोष माझ्यातच होता. लग्नानंतर चौथ्या वर्षीच कळलं होतं मला. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय! तिला शेवटपर्यंत... तुम्हाला कशाला सांगतोय मी हे?

काय म्हणतायत आई? पिरॅमिड आहे तर चालेल?

नाही. त्यांना सांगा, फ्लॅट द्यायचा नाहीये. नाही, किमतीचा प्रश्न नाही. उठा तुम्ही. चप्पल तिथे आहे, लिफ्ट डावीकडे. आणि दार लोटू नका जाताना, उघडंच राहू दे. नऊपर्यंत ऊन येतं.